मामाजी गाडीचा भाव काढतात

"हॅलो? … हॅलो? हौ, बोला… अहो, इतक्या हळू काय बोलून राहिले? … मीटिंगमध्ये? मग फोन कायले केला? … नाही, नाही, ठेवू नका! तुमीच पायजे मले."

पूनमनं स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि तांदळाच्या कोठीला टेकून उभी राहिली. नवऱ्याशी चार शब्द खाजगी बोलायची या घरात तेवढीच एक जागा होती, आणि तीही कोणाला तांदूळ नको असतील तेव्हाच.

"आला ना. गुलाबभाऊ नाव आहे त्याचं… हौ, तोच, गाडीचा भाव काढणारा. अंगणात आहे… नाही, आकडा नाही काढला अजून. पण ऐका ना, तुमी सकाळी स्टेशनवर निघताना मामाजीले काय सांगतलं? … शब्दाले शब्द सांगा… 'गाडीचा भाव काढायले माणूस येणार आहे.' … बस? एवढंच? … अहो, मग झालं की वाटोळं!"

गाडी वैभवला त्याच्या नागपूरच्या कंपनीनं चार वर्षांपूर्वी भाडेकरारावर घेऊन दिली होती. हप्ता पगारातून कटायचा, मालक दुसराच कोणी होता. आता करार संपला होता. जो भाव निघेल तो भरून गाडी ठेवा, नाहीतर चावी परत करा, असा मामला होता. नवराबायकोनं मिळून साडेतीन लाख जमवले होते. भाव त्याच्या वर गेला की गाडी गेली, आणि पूनमचं पांढुर्णा ते सौंसर, बँकेतल्या नोकरीवर जाणं-येणं पुन्हा बसवर आलं. त्या बसमध्ये तिनं एकदा अख्खा रस्ता कोणाची तरी शेळी मांडीवर घेतली होती. शेळीचं तिकीटही तिलाच काढावं लागलं होतं.

पण मामाजींना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना, पुंडलिकरावांना, यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी जन्मभर संत्र्याचा बगीचा राखला. त्यांच्या दारात भाव काढायला येणारा माणूस व्यापारीच असायचा, आणि व्यापाऱ्यासमोर आपल्या मालाची तारीफ करायची, हा त्यांचा घरचा धर्म होता.

"धुतली! फवारणीच्या पंपानं धुतली… मग चारी टायरले खोबरेल तेल चोळलं… हौ, डोक्याचं तेल, आईची बाटली रिकामी केली… अन् बोनेटवर पोळ्याची झूल टाकली. बैलाची हो! … नाही, शिंगं नाहीत म्हणून आरशाले गोंडे बांधले… हासू नका!

"अन् तारीफ ऐका. म्हणे, एसी इतका थंडा, इतका थंडा, की भर मे महिन्यात मले मफलर लागते… अन् दाराले तो पोचा आहे ना, गोटमारीच्या जत्रेत, गोटेफेकीत गोटा लागला होता, तो? त्याच्यावर हात फिरवून म्हणे, साहेब, गोटमारीचा गोटा छातीवर झेलला हिनं, पण काचेले ओरखडा नाही… म्हणे, एका हातची गाडी आहे, माह्या सुनेच्या. हात कसा, तर लोण्यावाणी… हौ, मले बी बरं वाटलं. पण एक एक तारीफ झाली की तो माणूस मोबाईलमध्ये काहीतरी टाकून राहिला ना!

"केला ना इशारा! डोळे मोठे केले, तर म्हणे, सूनबाई, डोळ्यात कचरा गेला का? अन् फुंकर माराले आईले बोलावलं… मी कशी सांगू? तुमी सांगा ना, बाप तुमचा आहे… मीटिंग, मीटिंग! … बरं, ठेवू नका. मी चहा घेऊन जाते, अन् कानात सांगते."

पुढचा काही वेळ नागपूरच्या त्या मीटिंगमध्ये फक्त कपबश्या ऐकू आल्या. मग पूनम धापा टाकत परत कोठीपाशी आली.

"हॅलो… आहात ना? … सांगतलं. सांगतलं की मामाजी, आपण विकून नाही राहिलो, आपण घेऊन राहिलो… नाही, आधी समजलंच नाही त्याईले. म्हणे, आपलीच गाडी आपण कशी घेणार? मग सांगा लागलं, की ही आपली नाही… चेहराच उतरला हो. म्हणे, चार पोळे झाले, तिले पुरणाची पोळी दाखवून राहिलो, अन् ती आपली नाही? … मले बी कसंतरी झालं… मग काही नाही, टोपी सरळ केली. झूल ओढून घेतली. गोंडे सोडले. अन् आता… थांबा, खिडकीतून पाहते… अरे बापा!"

इतक्या वर्षांत व्यापाऱ्यांनी पुंडलिकरावांच्या बगीच्याला जेवढी नावं ठेवली होती, ती सगळी त्यांनी मनात जपून ठेवली होती. आज आयुष्यात पहिल्यांदा ते घेणाऱ्याच्या बाजूला उभे होते. साठा मोठा होता आणि गिऱ्हाईक समोर होतं.

"म्हणे, माल डागी आहे… तोच पोचा! तोच, गोटमारीचा! म्हणे, एका गोट्यात दार दबलं, हा पत्रा आहे का पापड? … गुलाबभाऊ म्हणाला, काका, आत्ताच तर तुमी तारीफ केली. तर म्हणे, तेव्हा चष्मा नव्हता… डोळ्यावरच होता हो चष्मा! … एसीचं? एसीचं तेच वाक्य वापरलं, शब्द बी नाही बदलला. भर मे महिन्यात मफलर लागते, माणूस आजारी पडते, दवाखान्याचा खर्च कापा… अन् काय म्हणे, बाईमाणसानं चालवली, क्लच गेला समजा… कोण हासून राहिलं? तुमी? … हे मी लक्षात ठेवीन. नाही, आत्ता काही बोलत नाही. भाव पडू द्या आधी, मग भांडीन.

"आता म्हणे, गळ धरा… गळ हो! झाडावरची किती संत्री तोडायच्या आधीच पडतील, त्याचे पैसे व्यापारी कापते ना, ती… तेच विचारलं त्यानं, की काका, गाडीतून काय गळते? तर म्हणे, आधी वायपर, मग आरसे, अन् सौंसरच्या रस्त्यानं गेली तर माणूस."

तिनं खिडकीची कडी घट्ट धरली. अंगणात काहीतरी बदललं होतं. पुंडलिकरावांचा आवाज एकदम खाली आला होता.

"अहो… हे वेगळंच झालं. मामाजी मलेच सांगून राहिले, सूनबाई, ही गाडी घेऊ नका… नाही, नाटक नाही! डोळ्यात पाणी आहे! म्हणे, असल्या गाडीत मी माह्या सुनेले रोज पाठवत होतो, मी माणूस आहे का कोण… स्वतःचं बोलणं स्वतःलेच पटलं त्याईले! … मी काय समजावू? चप्पल घातली. फाटकाबाहेर निघाले बी… आता काय करू हो? … थांबा, थांबा, गुलाबभाऊ मागं पळून राहिला. 'काका, ऐका तर!' … म्हणून राहिला, इंजिन चांगलं आहे काका, एकदा बसून पाहा… हौ, तोच विकून राहिला आता!"

सौद्यातून उठून जाणं ही बाजारातली जुनी चाल. पण चाल ओळखता येते. पुंडलिकराव खरोखरच चालले होते, त्यामुळे गुलाबभाऊ त्यांची वाट अडवून उभा राहिला.

"आले. वापस आणलं त्यानं… खांद्यावरचा दुपट्टा काढला… अहो, दुपट्ट्याखाली हात घातले दोघांनी! बैलबाजारावाणी, बोटं दाबून भाव… येते ना त्याले, बोरगावचा आहे तो. आजोबा बैलाचे दलाल होते म्हणे… गुलाबभाऊ नाही म्हणाला… आता मामाजी नाही म्हणाले… दोघं बी आभाळाकडे पाहून राहिले… मान हालवली! दोघांनी हालवली! झाला सौदा!

"किती? … मले काय माहीत, दुपट्ट्याखाली होतं ना! थांबा… मामाजी, किती? … सांगत नाहीत. म्हणे, दुपट्ट्याखालचा भाव तोंडानं सांगतला की बरकत जाते… गुलाबभाऊ बी नाही सांगत, आजोबाची आण आहे म्हणे. कंपनीचा मेल येईल उद्या, त्यात पाहा… उद्यापर्यंत मी राहते का हो जिवंत? … मामाजी! … हौ… हौ… बोटानं सांगतो म्हणतात. पण सुनेचा हात कसा धरू, म्हणतात… आईले बोलावलं."

रचना अशी ठरली: पुंडलिकराव दुपट्ट्याखाली बायकोची, उषाबाईंची, बोटं दाबतील, त्या तेवढीच बोटं सुनेची दाबतील, आणि सून ती फोनमध्ये सांगेल. भाव कोणाच्याही तोंडून निघणार नव्हता.

"धरला हात… अहो, आई लाजून राहिली! म्हणे, लग्नात धरला होता चारचौघांत, त्याच्यानंतर आत्ता… आई, किती बोटं? … विसरली! लाजण्यात मोजायचंच विसरली! … मामाजी, परत धरा… आता मामाजी लाजून राहिले… गुलाबभाऊ, तुमी तिकडं पाहा बरं जरा! … धरला. आई, मोजा… हं… आता माहा हात घ्या… एक… दोन… तीन. तीन बोटं पूर्ण. अन् चौथ्याचं… अर्धं का आई? … अर्धं नाही म्हणते. नुसतं टोक. नखाजवळ… टोक म्हणजे किती हो? तुमी लहानपणी जात होते ना त्याईच्या संग बाजारात… अर्धं बोट म्हणजे अर्धा लाख, बरं… अन् टोक? … आठवा ना! … पाव? … पाव! म्हणजे सव्वातीन?"

पूनमनं अंगणात सासऱ्यांकडे पाहिलं. ते दुपट्टा झटकत होते आणि जगाशी आपला काही संबंध नसल्यासारखे तुळशीकडे बघत होते.

"सव्वातीन! अहो, सव्वातीन! … ओरडू नका, मीटिंगमध्ये आहात ना! … साहेब काय म्हणाले? … टाळ्या? सगळ्यांनी? त्याईले काय समजलं? … स्पीकरवर होता? कवापासून? … तेलाच्या बाटलीपासून? देवा रे!

"बरं, ऐका. गुलाबभाऊची रेल्वे आहे, स्टेशनवर सोडून देते त्याले… चावी? माह्याच हातात आहे… आई बसली, समोर बसली… मामाजी नाही म्हणतात. म्हणे, त्या गाडीचा भरवसा नाही, मी मागून सायकलनं येतो… समजावते मी, तुमी फोन ठेवा… बसले! मागं बसले, दाराची कडी दोन्ही हातांनी धरून…

"चला, ठेवते… नाही, नाही, रस्त्यात नाही बोलणार. गाडी चालवताना फोन नाही घेत मी… काल घेतला? काल कंपनीची होती. आता आपली आहे… ठेवा!"