संध्याकाळचे पाच शब्द

वही नाही हो भाऊ, सांगितलं नं मघाच — वाळवीनं खाल्ली. तुम्ही नागपूरहून सोनाळ्यापर्यंत एसटीत हाडं खिळखिळी करत आले, मले समजते, पण वाळवी काय कोणाची मेहनत पाह्यते? घ्या, चहा घ्या. भगवंतानंच पाठवलं नं तुम्हाले? मंग तो खुद काऊन नाही आला? बहिणीच्या घरी यायले लाज कशाची — नाही, लाज नसंन, काम असंन. उंदरं असतीन. गावात हसतात लोक — ‘अन्नपूर्णाबाई, तुमचा भाऊ डॉक्टर हाय का बुवा? दिवसभर गांजातच राह्यते म्हणे.’ मी म्हणते, हसा. गांजा मेंदूचं काय करते, ते शोधून राह्यला तो.

हे पाहा त्याचे लेख. चारही हायेत. छापून आला का एक मले पाठवतेच, वर लिहिते ‘ताईस’. पह्यले दोन उंदरायचे. तिसरा अन् चौथा — तुम्ही त्याच्याच संगं काम करता, तुम्हाले ठावं असंन — एका शेतकऱ्याचे. वय बावन, नाव नाही टाकलं. तो शेतकरी तिकडे ओसरीवर बसेल हाय. हाव, हेच. माह्ये मालक. तुम्हाले ‘कोणतं गाव पाव्हणं?’ म्हणून तीनदा विचारलं नं यायनं — ऐकाले कमी येते यायले.

मले इंग्रजी मॅट्रिकपुरतं येते, पण आकडे तं येतात. हा तक्ता पाहा — तीन, दोन, तीन, तीन. हे माह्ये आकडे. पासष्ट साली भगवंता म्हणे, ‘ताई, तुझं अक्षर चांगलं हाय. भाऊजी दिवसातून किती चिलमा ओढतात, ते लिहीत जा.’ सहा वर्सं लिहिलं. एक चिलीम झाली का एक चिंचोका गाडग्यात टाकायची, अन् दिवेलागणीले मोजायची. सहा निघत, कधी चार निघत. पण लिहिलेलं राह्यते हो भाऊ. नवऱ्याची इज्जत अशी टपालानं कशी पाठवावी? मी अर्धे लिहायची. अर्ध्यानं काय बिघडते, वाटे.

हाव — म्हणजे वही हाय. वाळवीनं नाही खाल्ली. बसा, काढून देते. चिंचोक्यायचं मले भेव नाही, ते तुम्ही दुप्पट करून घ्यान. भेव दुसऱ्या रकान्याचं हाय.

हेही भगवंताचंच सांगणं — सकाळी यायले पाच शब्द सांगायचे, सांजेले विचारायचे, आठवले तेवढे लिहायचे. रोज नवे. पह्यलं वर्सभर धडाधड सांगत. मंग एक दिवस होतं लोटा, बैल, कुऱ्हाड, कंदील, ज्वारी — अन् हे लोट्यावरच अटकले. माह्याकडे पाह्यलं. गुरुजीनं उभं केलेलं पोरगं पाह्यते नं, तसं. चार गावचे तंटे तोडणारा माणूस, भाऊ. माह्यानं पाह्यवलं नाही. मी लोटा उचलून पाणी प्यायली. कंदिलाची काच पुसाले घेतली. गोठ्याकडे पाह्यलं, कुऱ्हाड जागची हालवली, सुपात ज्वारी घेतली. पाचही आले. मी लिहिलं — पाच. त्याच्यानंतर पाच वर्सं असंच — पाचच लिहिले.

अन् भगवंतानं छापलं का, या माणसाची याददाश जशीच्या तशी हाय. खाली माह्ये आभार मानले, म्हणे. आता परदेशातल्या कोण्या डॉक्टरले ते पटत नाही, त्यानं मूळ वही मागितली — हेच नं? तुम्ही चहाले हात नाही लावला, तवाच समजलं मले, भगवंताचं लई काही अटकलं हाय. त्याची चूक नाही हो. उंदरं त्यानं सोता तपासले. इथं मात्र ताई हाय म्हणून भरवसा ठेवला.

ही घ्या. पण वहीवर नका जाऊ. शब्द मी यायले आज सकाळीही सांगितले — तुम्ही येणार म्हणून नाही, सवय पडली. मागच्या पानावर लिहून हायेत. तुम्हीच विचारा. मी भिताडाकडे तोंड करून बसते.

अहो, आत या. पाव्हणे आले हायेत. — हाव, मघाचेच. भगवंताकडचे. ते काही विचारतात, तेवढं सांगा.

नाही. माह्याकडे पाहू नका.