फोटो नम्रताचे, खातं नवऱ्याचं

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय राघोशेठ विशे, व्यासपीठावर बसलेले आपल्या पोलीस ठाण्याचे निरीक्षक साहेब, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलोय ते फौजदार भगीरथ सानप साहेब, त्यांच्या सौभाग्यवती, आणि शहापूर-मुरबाडकडून कामंधामं टाकून आलेल्या माझ्या भावाबहिणींनो, सगळ्यांना हात जोडून नमस्कार.

मी सरिता, किन्हवलीला अंगणवाडी चालवते. पोरांसमोर बोलायची सवय आहे, एवढ्या टोप्या आणि फेट्यांसमोर नाय. आयोजक म्हणाले, ताई, दोन चांगले शब्द बोला. आता चांगले शब्द माझ्या आधीच्या वक्त्यांनीच संपवून टाकले, मला काय उरलं? म्हणून साहेबांनी आमच्यासाठी काय केलं तेवढंच सांगते. त्यासाठी माझ्या धाकट्या बहिणीचं नाव घ्यावं लागेल. शाल-श्रीफळाच्या दिवशी मेलेल्या माणसाची गोष्ट काढली म्हणून रागावू नका.

नम्रताला आम्ही सिद्धगडाच्या पायथ्याशी दिली होती. आपल्याकडे लग्नानंतर पोरीचं आडनाव बदलतं, हे काय नवीन नाय. आता फोनचं खातंही बदलतं. तिचा जुना फोन माहेरीच राहिला. नवऱ्याने, स्वरूपने, नवा घेऊन दिला, आणि मोबाइलच्या दुकानातच त्यावर स्वतःच्या नावाचं खातं टाकून घेतलं. आम्हाला केवढं कौतुक! जावयाने किती भारी फोन दिला म्हणून आमची आय गावभर सांगत फिरली. त्या फोनमध्ये काढलेला प्रत्येक फोटो आपोआप वर, कंपनीच्या साठ्यात जाऊन बसतो, हे आमच्यातल्या कुणाला ठाऊक होतं? ते नम्रतालाही ठाऊक नव्हतं.

तिचा शेवटचा फोन मला आला तेव्हा हळू आवाजात बोलत होती. "ताय, पुराव्याशिवाय कोण ऐकत नाय. मी सगळ्याचे फोटो काढून ठेवलेत. मंगळवारी येते, मग आपण दोघी पोलीस ठाण्यात जाऊ." मंगळवार उजाडायच्या आत ती विहिरीत सापडली. सासरचे म्हणाले, पाय घसरला. फोन कुठाय विचारलं, तर म्हणे तिच्यासोबत बुडाला. सानप साहेबांनी पंप लावून विहीर उपसली. गाळ निघाला, एक कळशी निघाली, फोन काही निघाला नाय.

मग फोटो वर साठ्यात असणार हे ओळखून साहेबांनी त्या कंपनीला लिहिलं. कंपनीचं नाव घेत नाय, उगाच कशाला. पहिल्याच दिवशी साहेबांनी कंपनीला कळवलं की या खात्यात जे आहे त्याची नक्कल कुलूपबंद करून ठेवा, कोर्टाचे कागद मागाहून येतील. कंपनी तेवढं करते, पण फोटो हातात देत नाय. तातडीने हवे असतील तर त्यांचा वेगळा फॉर्म असतो. त्यात विचारलेलं असतं, आत्ता या क्षणी कुणाच्या जिवाला धोका आहे का? 'होय' लिहिलं तर ते लगेच बघतात.

आमची आय साहेबांच्या टेबलाला धरून उभी होती. म्हणाली, "लिवा ना सायब, होय लिवा. माझी पोर गेली, अजून काय धोका व्हायचा राहिलाय?" साहेबांनी पेन खाली ठेवला. म्हणाले, "मावशी, खोटं लिहून आणलेले फोटो सासरच्यांचा वकील कोर्टात एका फटक्यात उडवून लावील." आणि त्यांनी 'नाही' लिहिलं. खरं सांगते, तेव्हा मला एवढा संताप आला की मी टेबलावरचा पाण्याचा ग्लास भिरकावला. साहेब हसू नका, तुमच्या सौभाग्यवतींना माहीत नसेल!

पुढचं ऐका. कंपनीचा आणखी एक नियम. पोलिसांनी माहिती मागितली की ती देण्याआधी खातेदाराला कळवायचं, कोर्टाने मनाई केली नसेल तर. साहेबांनी मनाईचा अर्ज केला होता, पण मध्ये दिवाळीची सुट्टी लागली आणि सुनावणी पुढे गेली. नियम वाईट आहे असं मी म्हणत नाय. उद्या कुणी माझे फोटो मागितले तर मलाही कळायला नको का? पण इथे खातेदार कोण? स्वरूप! अटकेनंतर जामिनावर सुटून घरी बसलेल्या त्या माणसाला कंपनीचा अदबशीर निरोप गेला की पोलिसांनी तुमची माहिती मागितली आहे. आणि त्या फोटोंत जिच्या अंगावरचे वळ होते, त्या बाईला कोण कळवणार होतं?

त्याच दिवशी त्याने सगळं पुसलं. खातं कोरं. आय जेवायची थांबली. ती बोलायला लागली, की देवालाच नको असेल तर आपण कोण? पण पहिल्या दिवशी साहेबांनी कुलूप लावून ठेवलेली नक्कल त्याच्या हाताला लागणारी नव्हती. इथून दिल्ली, दिल्लीहून परदेश, असे कागद फिरत राहिले. त्या मधल्या काळात आमचे वडील गेले, त्यांना काही बघायला मिळालं नाय. शेवटी फोटो आले.

ओळखायला मला बोलावलं. तिने आरशाकडे पाठ करून फोटो काढले होते. तोंड कुठेच नाय, फक्त पाठ. पण तो आरसा आम्ही आंदण दिलेल्या लोखंडी कपाटाचा होता, त्याच्या कोपऱ्यावरची टिकली मीच चिकटवलेली. मी सगळे फोटो बघितले. आयला एकही दाखवला नाय, आणि दाखवणारही नाय.

तर साहेब, एवढं तुम्ही केलंत, त्याबद्दल आमच्या घराचे आभार. पण खटला अजून उभा आहे. हे फोटो कसे मागितले, कसे आले, मध्ये कुणाचा हात लागला नाय, हे पिंजऱ्यात उभं राहून सांगणारे तुम्ही आहात. उद्यापासून तुमची वर्दी नाय, तुम्ही सिन्नरकडे शेतावर जाणार. मागच्या तारखेला स्वरूपचा वकील आमच्या देखत हसून म्हणाला, रिटायर झालेला फौजदार साक्षीला कधी येतो का?

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, सगळ्यांची मी ऋणी आहे. अडाणी बाईच्या तोंडून काही वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला. पण मी खाली बसायच्या आधी हा माईक साहेबांच्या हातात देते. साहेब, सत्काराला उत्तर मागून द्या. कल्याणच्या कोर्टात तुम्ही येणार की नाय, ते आधी सांगा. आय तिकडे पहिल्या रांगेत बसली आहे, तिला ऐकायला कमी येतं, जरा मोठ्याने सांगा.