आजोबांच्या मांडीवरचा भोपळा

दाढेच्या ठणक्याने बेजार झालेला शिंपी गालाला रुमाल लावून दवाखान्यात बसला होता. शेजारी एक म्हातारं जोडपं होतं. आजोबांच्या मांडीवर भलाथोरला लाल भोपळा!

“अहो, दाताच्या डॉक्टरकडे भोपळा घेऊन कुणी येतं का?” आजी त्यांना म्हणाल्या.

“घरी ठेवला असता, तर सुनेला सांगून चिरायला लावला असतास.”

“मग भोपळा काय बघायला असतो?”

“वर्षभर खाल्लाच ना? भाजी झाली, सूप झालं, बियासुद्धा भाजून संपवल्यास. हा एवढा दाराला लावायला राहू दे. याच्या टेकूने दार आपटत नाही.”

“आणखी एक होता की.”

“तो शेजाऱ्याने उचलला. उगाच नाही त्याच्याशी बोलणं टाकलं मी!”

आजी एकदम भिंतीवरचं दातांचं चित्र बघू लागल्या.

तेवढ्यात आजोबांना आत बोलावलं. भोपळा शिंप्याच्या मांडीवर आला.

“हिच्या हातात देऊ नका हं.”

आजोबा बाहेर आले ते दातांत कापसाचा बोळा धरून. त्यांनी भोपळा उचलला आणि मुकाट्याने आजींपुढे केला.

“आता आठवडाभर मऊच खायचं ना? राहू दे हा दाराला. दुसरा आहे पलंगाखाली. तुम्ही तोही दाराला लावाल म्हणून मीच लपवला होता.”

“म्हंजे... शेजारी...?”

“बोलू नका, बोळा पडेल. सूप झालं की पहिली वाटी त्यांच्याकडे तुम्हीच घेऊन जा.”