भासऱ्यांची गोळी

माझं माहेर घनसावंगीकडचं, गोदावरीच्या काठाला, जिकडं पाहावं तिकडं ऊस, आन उसात वाढलेल्या पोरीचा आवाज मोठाच असतो, कारन फडाच्या या टोकाचं त्या टोकाला सांगायचं म्हंजे ओरडावंच लागतं. वडील मला भोंगा म्हनायचे. मंग या भोंग्याचं लगीन करून दिलं ते कुठं, तर पार जाफराबादच्या पुढं, कापूस-सोयाबीनच्या कोरड्या रानात, आन घर असं पाहून दिलं की तिथं सुनंनं भासऱ्यांसमोर तोंडातून शब्द काढायचा न्हाई. भासरे म्हंजे मालकाचे थोरले भाऊ. त्यांच्यापुढं पदर नाकाच्या खाली, त्यांच्या हातात काही द्यायचं न्हाई, खाली ठेवायचं आन मागं सरकायचं, तोंडाकडं पाहायचं न्हाई, नाव तर घ्यायचंच न्हाई. काय सांगू तुम्हाला, ज्यांना मी उभं आयुष्य भाकर वाढली त्यांचं तोंड कसं हाय हे मला फक्त लग्नातल्या फोटोवरून माहीत होतं, आन त्या फोटोत पन ते बाजूला पाहून राह्यले होते.

पन घर म्हटलं की सांगायचं तर असतंच. चहा झाला, पानी तापलं, भासऱ्यांच्या दुकानाचा कोनी मानूस येऊन गेला. मंग मी म्हशीला सांगायची. म्हैस ओट्याला लागूनच बांधलेली, तिच्याकडं तोंड करून म्हनायची, चहा ठेवलाय गं, गार होऊन राह्यला. भासरे ओट्यावरून खाकरायचे. खाकरले म्हंजे ऐकलं, समजलं, हो. म्हशी बदलल्या, पद्धत तीच राह्यली. मालक म्हनायचे, तू माझ्याशी बोलत न्हाईस एवढं त्या म्हशीशी बोलतीस. मी म्हनायची, ती मधी तोंड घालत न्हाई.

भासऱ्यांचं जाफराबादला मोटर वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरची मोटर जळाली की लांबलांबचे लोक जीपमधी टाकून त्यांच्याकडं आनायचे. तांब्याची बारीक तार भरायची, वेढ्याला वेढा लागला पायजे, त्याला हात थंड लागतो, आन त्यांचा हात थंड होता. थोडी प्यायचे, सनावाराला, बाजारच्या दिवशी, त्याला आमच्याकडं कोनी पिनं म्हनत न्हाई. मंग थोरल्या जाऊबाई गेल्या. पोटाचा आजार, हा दवाखाना तो दवाखाना, आन गेल्या. लेकरूबाळ न्हवतं त्यांना. त्या गेल्या आन भासरे ओट्यावर बसले ते बसलेच. दुकानाला जायचे ते दारूपुरते. हात थरथर करायला लागले, तार धरवंना, मोटरी तशाच पडून राह्यल्या, लोक शिव्या देत परत घेऊन गेले. दाढी न्हाई, अंघोळ न्हाई. एकदा आत्याबाईंला, म्हंजे माझ्या सासूला, म्हनले, माय, मी सकाळी उठतो तरी कशाला. आत्याबाईंला मोतीबिंदूनं दिसत न्हाई पन ऐकू चांगलं येतं, त्या त्या दिवशी जेवल्या न्हाईत.

गावानं इलाज सांगितले. कोनी म्हनलं माळ घाला, कोनी म्हनलं दुसरं लगीन करा, एका पावन्यानं तर पुडीच आनून दिली, भाजीत कालवून द्या, न सांगता, दारू सुटती म्हनले. मी ती पुडी फडताळात ठेवली आन मालकाला म्हनलं, आधी डॉक्टरला विचारू.

नवीन जालन्याला स्टेशनाच्या अंगाला एक डॉक्टरीनबाई हाय, मनाच्या आजाराची. तिथं गेलो तर तिनं मला विचारलं, पेशंटचं नाव. मालक खाली चिठ्ठी काढायला गेल्ते, भासरे मान खाली घालून बसलेले, आन मी काय नाव घेनार. मी पदर ओढून गप. तिनं हळूच माझा हात धरला, म्हनली, घाबरू नका ताई, किती दिवसांपासून पिता. आता हसू येतं. तवा मला वाटलं जमीन फाटावी.

पुडी दाखवली तर ती बाई खवळली. न सांगता काही द्यायचं न्हाई, म्हनली, त्यावर ते दारू प्याले तर जिवावर बेतेल, आन जगले तर तुमच्या हातचं पानी पन घेनार न्हाईत. मंग भासऱ्यांला तिनं काही दिवस भरती ठेवलं, कारन एवढी दारू एकदम तोडली तर फेफरं येतं. थरथर थांबली तवा आम्हाला सगळ्यांला समोर बसवलं आन पुढचं ठरवलं. म्हनली, यांच्यात दोन आजार हायत, एक दारूचा, एक उदासीचा, एकाला सोडून दुसऱ्याचा इलाज होत न्हाई. एक गोळी दारूची वड कमी करती, एक मनाला उभं करती. दोन्ही सकाळी खाऊन झाल्यावर. लई महिने चालतील, बरं वाटलं म्हनून बंद करायच्या न्हाईत. भासऱ्यांला विचारलं, घेनार का. ते खाकरले. ती म्हनली, असं न्हाई, बोला. मंग म्हनले, घेतो. आन मंग तिनं विचारलं, सकाळी घरी कोन असतं. गोळी हातात द्यायची, समोर उभं राहायचं, गिळल्यावर तोंड उघडून जीभ वर करायला लावायची. मालक काळी-पिवळी जीप चालवतात, उजाडायच्या आत जाफराबादच्या स्टँडवर. आत्याबाईंला दिसत न्हाई. राह्यलं कोन, मी. मालक छताकडं पाहून म्हनले, हो हो, होईल बराबर.

मंग आमचा इलाज सुरू झाला, आमच्या पद्धतीनं. भाकर खाऊन झाली की मी वाटीत दोन गोळ्या आन तांब्याभर पानी ओट्यावर ठेवायची, मागं सरकायची, पाठ करायची, आन म्हशीला विचारायची, झालं का गं घेऊन. मागून खाकरायचे. झालं. मालक फोन करून विचारायचे, घेतली का, मी म्हनायची, घेतली. आत्याबाई देवाला हात जोडायच्या. गोळ्या बराबर संपत होत्या, भासरे काही दिवस दुकानाकडं पन जाऊन आले. मला तर वाटायला लागलं मी नर्सच झाले. शेजारच्या बाईला डोकेदुखीवर काय घ्यायचं ते पन सांगायला लागले.

जाऊबाईंचं वर्षश्राद्ध आलं. घर पावन्यांनी भरलेलं, पानं मांडली, आन भासरे पानावरून उठून गेले. मालकानं शोधलं तर बंद दुकानापुढं पडलेले. आठवडाभर चोरून पीत होते आन श्राद्धाचं म्हनून एकदम बंद केली, त्यानं फेफरं आल्तं, जीभ चावलेली, शर्टावर रगत. जीपमधीच टाकून जालन्याला नेलं.

डॉक्टरीनबाई विचारून राह्यली, गोळ्या चालू होत्या का. मी पदराआडून म्हनलं, रोज, मी स्वतः दिल्या. ती म्हनली, तोंड पाहिलं का. सलाईन लावलेलं, भासरे पडून, मला वाटलं झोपलेत. ते भिंतीकडं तोंड करून हळूच बोलले.

म्हशीला विचारा म्हनावं. तिच्या दावनीच्या बांबूत हायत.

माझ्याशी बोललेले ते पहिले शब्द. ते पन म्हशीमार्फत.

घरी येऊन मी बांबू उपसून उलटा केला. वरून पोकळ, आत वल धरलेली, गोळ्यांचा चुन्यावानी लगदा झाल्ता, वरच्या काही साबूत होत्या. मी तिथंच शेनात बसले. मानसाच्या तोंडाकडं न पाहता मानूस वाचवायला निघाले होते मी, अशी शहानी अख्ख्या तालुक्यात सापडायची न्हाई.

भासरे घरी आले त्या सकाळी मी आत्याबाईंच्या पायाशी बसून विचारलं, आता कसं करू. म्हातारीनं हातातली माळ बाजूला ठेवली. मंग म्हनली, मला कुठं दिसतं, कुसुम. तुझा पदर कुठवर हाय ते मला काय ठाऊक.

मी ओट्यावर गेले. पदर मागं घेतला. गोळ्या तळहातावर घेतल्या आन हात पुढं केला. इतक्या वर्सांत पहिल्यांदा पाहिलं ते तोंड. मालकाचंच तोंड, पन कोनी पानी काढून घेतल्यावानी. डोळे पिवळे, पुढचा एक दात न्हाई, त्या फोटोत होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच न्हाई, खांद्यावरचा टावेल घेतला आन डोळ्यांवर वढला. माझा पदर गेला आन त्यांच्या तोंडावर आला. तसंच टावेलाखालून हात पुढं करून गोळ्या घेतल्या, पानी प्याले. मी म्हनलं, जीभ वर करा. आवाज माझा तो भोंगाच, पार गल्लीत गेला असंल. त्यांनी तोंड उघडलं. टावेल वला झाल्ता.

तवापासून रोज असंच. गावात बोलतात, कुसुम भासऱ्याच्या तोंडात डोकावती. बोलू द्या. मालकाला पन अवघड जातं, त्या येळेला ते घरी असले तर गोठ्यात जातात. बरे झाले म्हनून सांगू का तुम्हाला, तर न्हाई. पोळ्याला परत प्याले. डॉक्टरीनबाई म्हनली, पडले तर परत उभं करायचं, गोळी सोडायची न्हाई, आन तिनं मनाची गोळी वाढवून दिली. दुकानाचं शटर लावलेलंच हाय. कधीकधी सगळा दिवस ओट्यावर एका जागी बसतात, पाखरू खांद्यावर येऊन बसंल असे. मला त्या बसन्याचं दारूपेक्षा जास्त भ्या वाटतं. मी भांडी घासता घासता डोकावते, पोराला पाहावं तसं. तुमच्या घरावर देवानं ही येळ आनू नये एवढंच म्हनते.

टावेल आता तेवढा वर वढत न्हाईत. बोलत मात्र न्हाईत, जे सांगायचं ते अजून म्हशीला. काल सकाळी मी गोळ्या घेऊन गेले तर म्हशीकडं पाहून म्हनले, तिला सांग गं, मी न्हाई सुधरलो तर तिनं मनाला लावून घेऊ नये.

मंग मी पन म्हशीकडंच पाहिलं, दुसरीकडं पाहवंना. म्हनलं, त्यांना म्हनावं, आधी गोळी घ्या, आन जीभ वर करा.

केली त्यांनी.