आईने लावलेला तळ

हसू नका रे, माझ्या नावावर पेटंट होणार होतं!

मोजे विणायच्या मशीनवर मी बुटाचा वरचा भाग अख्खा विणला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस, फोर्टात गोळीबार कधी होईल नेम नाही, म्हणून परळहून आईही तिथल्या वकिलाकडे सोबत आली.

वकिलाने जुनी पेटंटं एकेक करून तपासली.

"असा बूट आधी कुणीच विणलेला नाही, म्हणजे पेटंट मिळेल," तो शेवटी म्हणाला. "करा अर्जावर सही."

"कुणी नाही कसं? हा चालायला लागला तेव्हा मीच विणले होते की, लोकरीचे!" आई म्हणाली.

वकील हसला. "अहो आई, ते मोजे. बुटाला तळ लागतो."

मी सहीसाठी अर्ज पुढे ओढला.

आई भडकली. "लावला होता तळ! याच्या बापाच्या वहाणेचं चामडं कापून!"

वकिलाने पेनाला टोपण लावलं.