दोरा गिळलेल्या दोन तलंगा

तांबड्या तलंगेच्या चोचीतून दोऱ्याचं टोक लोंबत होतं आणि मी ते ओढलं. अर्धा हात दोरा निघाला, मग अडला, मी आणखी जोर केला, तर तिच्या तोंडातून रक्त आलं ते माझ्या मनगटावर. मान टाकली तिनं. मी मारली तिला, दुसऱ्या कुणी नाय. काय सांगू तुम्हाला, सासरी आल्यापासून कोंबड्या पाळते मी, आणि मलाच एवढं कळू नये की दोरा आत गुंतलेला असतो, तो ओढायचा नसतो.

तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, तुम्ही शहरातले म्हणून सांगते. तसल्या दोनच उरल्या होत्या, ही तांबडी आणि एक काळी. बाकी सगळ्या उन्हाळा लागताच मानमोडीच्या रोगानं गेल्या. वाण माझ्या माहेरचा, दिंडोरीकडचा. चौथीतून शाळा सुटली, मग लग्न लागलं, इथं मखमलाबादला नांदायला आले तेव्हा आईनं डालग्यात एक कोंबडी घालून दिली, तिच्याच वंशातल्या या. या दोघी गेल्या की वाण संपला. बाजारातून दुसरी आणता येते, पण ती ही नव्हे.

आणि दोरा आला कुठून, तर माझ्याच हातानं. आमचा झेंडूचा मळा, सून संगीता पंचवटीत हार विकायला बसते, उरलेले हार घरी आणते आणि ते मी कोंबड्यांना टाकते, पाकळ्या खाल्ल्या की बलक पिवळाधमक होतो. संगीता दर वेळी सांगायची, आत्याबाई, आधी दोरा काढत जा. मी म्हणायची, तू मला कोंबड्या शिकवू नको.

तर तांबडी पायापाशी पडलेली आणि काळी मान ताणून उभी, चोच उघडी, गळ्याखालची दाण्याची पिशवी लिंबाएवढी, टणक. दोन दिवस तिनं दाणा टिपला नव्हता, मला वाटलं उन्हानं असंल. रविवार होता, जनावरांचा दवाखाना बंद. म्हटलं, कापावं लागंल. आईला असं कापताना पाहिलं होतं मी लहानपणी. पण सुईत दोरा ओवायचं माझ्या डोळ्यांनी कधीच सोडलंय, आणि ब्लेड घेतलं तरी कुठं चिरायचं ते दिसेना.

संगीता म्हणाली, द्या इकडं. मी म्हटलं, हे फुलं ओवणं नाय. ती म्हणाली, तुम्हाला तर आता फुलंबी ओवता येत नाय, कोंबडी धरा नीट.

धरली. पंख काखेत दाबले, पिसं उपटली, हळदीच्या पाण्यानं कातडं पुसलं, ब्लेड आणि सुई-दोरा उकळून घेतला. मी सांगत होते, ती करत होती. आधी वरचं कातडं, मग आतली पिशवी, बोटाच्या पेराएवढी चीर, लाल शीर दिसंल तिला धक्का लावू नको. आतून कुजक्या झेंडूचा लगदा आला, त्यात दोऱ्याचा गुंता. ओढू नको, म्हटलं मी. ते तुम्ही मला सांगताय, म्हणाली, आणि कात्रीनं तुकडा तुकडा तोडत काढत राहिली.

मधेच काळीचं डोकं लुळं पडलं. संगीताचा हात थांबला. गेली का हो, आत्याबाई? मी छातीखाली बोट घातलं, बारीक धडधड लागत होती. जित्ती हाय, राहिलेला दोरा काढ आणि शिव लवकर, पण दोन्ही एकत्र शिवू नको, आत सडतं, आधी पिशवी, मग कातडं. तिनं शिवलं. टाक्याला टाका लावून शिवलं, हारवाल्या बाईचाच हात तो, मला काही बोलायला जागा ठेवली नाय तिनं.

काळीला पाटीखाली झाकली. पहिला दिवस नुसतं गुळाचं पाणी, मग ताकात कालवलेला भात चिमूट चिमूट. रोज सकाळी पाटी उचलताना मी आधी डोळे मिटून घ्यायची, खोटं कशाला सांगू. चौथ्या दिवशी तिनं माझ्या बोटाला चोच मारली, चांगली रक्त निघेपर्यंत.

आता ती अंड्यावर आली, खुडूक होऊन आपल्याच नऊ अंड्यांवर उबवायला बसली हाय. निघतील तेवढी पिल्लं निघतील, माझ्या हातात काही नाय. तांबडी मेली. काळी जगली.