तुझा नवरा निवाऱ्यात पोचलाय

सभेचे अध्यक्ष माननीय हेडमास्तरसाहेब, उपजिल्ह्याहून चिखल तुडवत आलेले पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते मोकसेद चाचा, आणि शिमुलचरच्या माझ्या भावाबहिणींनो,

मी रोकेया. वादळाचा इशारा देत दारोदार फिरणाऱ्या चाचांचा भोंगा उद्यापासून माझ्या गळ्यात असेल, म्हणून दोन शब्द बोलायला सांगितलंय. खरं सांगते, बोलायचा कंटाळा आलाय. वादळं मोजून मोजून माणूस दमतो.

अध्यक्षांनी चाचांची तीस वर्षांची सेवा सांगितली. मी एकाच दुपारची सांगते. अकरा वर्षं झाली. बाजारात तीन झेंडे चढले होते. घरं सोडा, वादळाच्या निवाऱ्यात चला, असा त्याचा अर्थ. चाचा भिजत माझ्या दारात आले. मी म्हटलं, "घरधनी समुद्रावर आहे. त्याच्या शब्दाशिवाय उंबरा कसा ओलांडू? लोक काय म्हणतील?" आपल्याकडच्या किती बायका याच एका वाक्यापायी बुडाल्या, ठाऊक आहे ना?

चाचा म्हणाले, "अगं वेडे, नाझिम केव्हाच निवाऱ्यात पोचलाय. तुझ्या नावाने शिव्या घालतोय. चल."

दोन्ही पोरी घेऊन मी पळाले. निवाऱ्याचे तिन्ही मजले शोधले. नाझिम नव्हता. तिसऱ्या दिवशी होडी सापडली, पालथी. तो सापडलाच नाही. मी चारचौघांत चाचांना लबाड म्हटलं.

पुढे मदत आली. ताडपत्र्या, पोहे-गूळ, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. चाचा रोज खिचडी वाढायचे. मी ताट पुढे करायचे, तोंड फिरवायचे. त्यांच्याच पथकात आले तेही रागाने. म्हटलं, मी दारोदार जाईन, पण खरं तेच सांगेन. अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं आणि त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. तुम्ही सगळे हसायचात, मला माहीत आहे.

गेल्या कार्तिकातल्या वादळात मी मैनाच्या दारात उभी होते. सातवा महिना तिला. पाणी अंगणात आलेलं. ती म्हणाली, "खाला, ते समुद्रावर आहेत. त्यांना विचारल्याशिवाय कशी येऊ?"

आणि माझं तोंड म्हणालं, "पोचलाय तो. तुझीच वाट बघतोय."

तिचा नवरा परतला नाही. मुलगी मात्र झाली, धडधाकट आहे. मैना आज शेवटच्या रांगेत बसलीय. माझ्याशी बोलत नाही. मैना, तुझं चुकत नाही. मी थांबेन. चाचा अकरा वर्षं थांबले.

आपण शांतपणे ऐकलंत, उपकार झाले. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. अकरा वर्षांची माफी मात्र सभेकडे मागून भागणार नाही.

चाचा, तुम्ही खोटं बोललात म्हणून माझ्या पोरी शाळेत जातात. मला माफ करा. बाहेर खिचडी झालीय. बसा, आज मी वाढते.